जुन्या २४०० रॅमच्या जोडीला नवी ३२०० रॅम चालेल का? (कोअर आय३-८१००, एच३१० मदरबोर्ड)

प्रश्न – मुद्रक_सांगली

नमस्कार. माझा लग्नपत्रिका, बिलबुके आणि फ्लेक्स यांची डिझाइन करून देण्याचा व्यवसाय आहे. त्यासाठी २०१८ मध्ये असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आजही वापरात आहे. प्रोसेसर इंटेल कोअर आय३-८१००, मदरबोर्ड एच३१० चिपसेटचा, रॅमसाठी दोनच स्लॉट आणि त्यांपैकी एकात ८ जीबीची पट्टी. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही; हार्ड डिस्क काढून साटा एसएसडी मात्र बसवून घेतली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे अपडेट बंद झाल्यामुळे विंडोज ११ घातले आणि तेव्हापासून फोटोशॉपमधली मोठ्या फ्लेक्सची फाइल आणि कोरलड्रॉ एकाच वेळी उघडले की मशीन अडखळते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी जवळपास पूर्ण भरलेली दिसते, म्हणून दुसऱ्या स्लॉटमध्ये रॅम वाढवण्याचे ठरवले आहे.

सध्याच्या पट्टीच्या लेबलवर ‘८जीबी १आरएक्स८ पीसी४-२४००टी-यूए२-११’ असे छापलेले आहे. बाजारात चौकशी केली तेव्हा नवी २४०० कोणाकडेच मिळाली नाही. पुढे आलेले पर्याय असे: एक साधी हिरवी ८ जीबीची ३२०० पट्टी, १.२ व्होल्टची, सीएल२२ (सीएल हा माहिती मिळायला लागणाऱ्या उशिराचा, म्हणजे लेटन्सीचा, आकडा). दुसरी काळ्या ॲल्युमिनियमचे कवच असलेली ८ जीबीची ‘गेमिंग’ ३२०० पट्टी, १.३५ व्होल्टची, सीएल१६, किंचित महाग; आणि तिसरी वापरलेली १६ जीबीची २४०० पट्टी, जिच्या लेबलवर ‘१आरएक्स४ पीसी४-२४००टी’ असे असून त्यापुढचा भाग ‘यू’ऐवजी ‘आर’ या अक्षराने सुरू होतो. ही तिसरी १६ जीबीची असूनही पहिल्या दोघींपेक्षा बरीच स्वस्त आहे आणि तिचा वेग माझ्या जुन्या पट्टीशी तंतोतंत जुळतो, त्यामुळे मन तिच्याकडे ओढ घेत आहे.

एका दुकानदारांचे म्हणणे असे की २४०० च्या बोर्डवर ३२०० ची रॅम लावली तर बोर्ड जळतो. दुसऱ्यांच्या मते डीडीआर४ म्हणजे सगळे सारखेच, कोणतीही लावा. यांपैकी कोणाचे ऐकावे? आणखी एक शंका आहे. सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये माझ्या रॅमची फ्रिक्वेन्सी ११९७ मेगाहर्ट्झ दिसते. याचा अर्थ ती निम्म्याच वेगाने चालते आहे का?

उत्तर – जोडणी_नाशिक

नमस्कार. आपण लेबले नीट वाचून लिहिलीत हे फार बरे झाले, कारण उत्तर त्या अक्षरांतच आहे. आधी ज्याकडे आपले मन ओढ घेत आहे, त्या तिसऱ्या पर्यायाबद्दल सांगतो: ती पट्टी घेऊ नका. ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड, म्हणजेच सर्व्हरसाठी बनवलेली रॅम. सर्व्हर बदलले की अशा पट्ट्या मोठ्या संख्येने जुन्या बाजारात येतात आणि म्हणून त्या स्वस्त मिळतात. तिच्या पिनांची संख्या २८८ च असते आणि खाचही त्याच जागी असते, त्यामुळे ती आपल्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसेल. परंतु आय३-८१०० चा मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला रॅम हाताळणारा भाग) रजिस्टर्ड रॅम चालवू शकत नाही आणि मशीन सुरूच होणार नाही. वेग जुळला तरी जात वेगळी असेल तर उपयोग नाही. आपल्याला हवी ती ‘यू’ म्हणजे अनबफर्ड पट्टी.

आता बोर्ड जळण्याची भीती. रॅमवर छापलेला वेग हा तिने गाठायचा कमाल वेग असतो. ती स्वतःहून त्या वेगाने धावत नाही. प्रत्यक्षात कोणत्या वेगाने चालायचे हे प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर आणि बायोस (मशीन सुरू करणारा, बोर्डवरच साठवलेला प्रोग्राम) मिळून ठरवतात. प्रत्येक पट्टीवर एसपीडी नावाची एक छोटी चिप असते आणि ‘मी कमीत कमी किती वेळात एक आवर्तन पूर्ण करू शकते, कोणकोणती लेटन्सी मला चालते’ ही माहिती तिच्यात नोंदलेली असते. मशीन सुरू होताना बायोस दोन्ही पट्ट्यांच्या नोंदी वाचतो, प्रोसेसरची मर्यादा पाहतो आणि सर्वांना झेपेल असा वेग निवडतो. आय३-८१०० ची अधिकृत मर्यादा २४०० आहे आणि एच३१० चिपसेटवर मेमरी त्या मर्यादेपलीकडे नेण्याची सोय नाही. म्हणून ३२०० ची पट्टी लावली तरी ती २४०० नेच चालेल. यात जळण्यासारखे काहीही घडत नाही.

मात्र ‘कोणतीही लावा’ हा सल्लाही मला मान्य नाही, आणि पहिल्या व दुसऱ्या पर्यायांतला फरक इथेच महत्त्वाचा ठरतो. दोन्हींवर ३२०० लिहिले असले तरी त्या दोन आकड्यांचा अर्थ एक नाही. साध्या हिरव्या पट्टीचा ३२०० हा जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांत बसणारा, १.२ व्होल्टवर मिळणारा मूळ वेग आहे. कवचाच्या पट्टीचा ३२०० हा एक्सएमपी प्रोफाइलचा, म्हणजे पट्टीत साठवलेल्या जादा वेगाच्या सेटिंगचा, वेग आहे: बायोसमध्ये जाऊन ते प्रोफाइल चालू केले आणि व्होल्टेज १.३५ केले, तरच तो मिळतो. ते चालू न केल्यास ही पट्टी आपल्या मूळ जेडेक वेगावर येते आणि हा मूळ वेग अनेक ‘गेमिंग’ पट्ट्यांत २६६६, २४०० किंवा चक्क २१३३ असतो. समजा तो २१३३ निघाला, तर आपल्या बोर्डवर नवी पट्टी बसवल्यावर जुन्या २४०० पट्टीलाही २१३३ वर उतरावे लागेल, म्हणजे जास्त पैसे मोजून वेग कमी करून घेतल्यासारखे होईल. खोक्यावर हा मूळ वेग बहुधा ठळकपणे छापलेला नसतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावरील माहितीपत्रकात ‘एसपीडी स्पीड’ या नावाने पाहावा लागतो.

म्हणून माझे मत स्पष्टपणे पहिल्या पर्यायाच्या बाजूने आहे. लेटन्सीच्या आकड्याने बिचकू नका. सीएल२२ मोठा दिसतो, परंतु ३२०० वेगाला एक आवर्तन ०.६२५ नॅनोसेकंदांचे असते, म्हणजे २२ आवर्तनांना १३.७५ नॅनोसेकंद लागतात. आपल्या जुन्या पट्टीवरच्या ‘२४००टी’मधील ‘टी’ सीएल१७ दर्शवतो. २४०० वेगाला एक आवर्तन सुमारे ०.८३३ नॅनोसेकंदांचे, म्हणजे १७ आवर्तनांना सुमारे १४.२ नॅनोसेकंद. घड्याळी वेळेत दोन्ही जवळपास सारख्याच आहेत आणि नवी पट्टी २४०० वर आली की तिलाही सीएल१७ सहज जमेल.

११९७ बद्दल काळजी नसावी. डीडीआर म्हणजे दुहेरी गतीने माहिती देणारी मेमरी. घड्याळाच्या एका ठोक्यात ती दोनदा माहिती पाठवते. सीपीयू-झेड घड्याळाचे ठोके दाखवते आणि लेबल पाठवण्यांची संख्या दाखवते. ११९७ ची दुप्पट केली की जवळजवळ २४०० येतात.

उत्तर – पृष्ठरचना_पुणे

वरील उत्तराशी मी सहमत आहे. आपल्यासारखेच काम मीही करतो, म्हणून त्या बाजूने थोडी भर घालतो. वेगाच्या चर्चेत मूळ दुखणे मागे पडू नये. २० बाय १० फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयवर केला तरी फाइल १७,२८० बाय ८,६४० पिक्सेलची होते. सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार रंगांत) प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले, तर पूर्ण भरलेल्या एका लेअरलाच सुमारे ६०० एमबी लागतात. पार्श्वभूमी, नेत्यांचे फोटो, सावल्या आणि मागे जाण्यासाठी साठवलेली हिस्टरी हे सगळे धरले तर ८ जीबी कुठे संपतात हे कळतही नाही, शिवाय आपल्याकडे ग्राफिक्स कार्ड नसल्याने आतल्या ग्राफिक्सलाही याच मेमरीतून वाटा द्यावा लागतो.

मेमरी संपली की विंडोज माहिती एसएसडीवर उतरवते. २४०० ची एक पट्टी सेकंदाला कमाल १९,२०० एमबी देऊ शकते, तर साटा एसएसडी ६०० एमबीसुद्धा गाठत नाही. मशीन अडखळते ते या दरीमुळे. २४०० ऐवजी २६६६ मिळाले असते तरी वाढ ११ टक्क्यांचीच झाली असती. परंतु दुसरा स्लॉट भरल्याबरोबर दोन्ही चॅनेल (प्रोसेसर आणि रॅममधले माहितीचे मार्ग) कामाला लागतात आणि कमाल क्षमता ३८,४०० एमबीपर्यंत, म्हणजे दुप्पट होते. आतल्या ग्राफिक्सला याचा फायदा विशेष जाणवतो. तेव्हा ३२०० ची पट्टी २४०० वर चालणार याचे वाईट वाटून घेऊ नका.

उलट माझे सुचवणे असे की जमत असेल तर ८ ऐवजी १६ जीबीची साधी ३२०० पट्टी घ्या. ८ अधिक १६ अशी विषम जोडी या प्रोसेसरवर चालते: दोन्हींकडचे पहिले ८-८ जीबी दुहेरी चॅनेलने आणि मोठ्या पट्टीचे उरलेले ८ जीबी एकेरी चॅनेलने वापरले जातात. पुढे कधी जुनी ८ जीबीची काढून दुसरी १६ जीबीची लावता येईल. स्लॉट दोनच असल्यामुळे आज घेतलेली लहान पट्टी उद्या अडचणीची होते.

उत्तर – संगणक_शिक्षक

मला थोडे वेगळे मांडायचे आहे. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतले डेस्कटॉप मी सांभाळतो. तिथे मी शक्यतो एकाच खोक्यात आलेली, कारखान्यात एकत्र तपासलेली जोडीच बसवतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र केल्यावर मशीन सुरू होते, दिवसभर चालतेही, आणि मग एखाद्या जड प्रोग्रामच्या मध्यावर निळी स्क्रीन येऊन बंद पडते, असे मी पाहिले आहे. प्रश्नकर्त्यांचे काम ग्राहकांच्या तारखांशी बांधलेले आहे. लग्नसराईत मशीन अधूनमधून बंद पडू लागले तर वाचवलेल्या पैशांपेक्षा नुकसान मोठे होईल. जुनी पट्टी विकून ८-८ जीबीची नवी जोडी घेणे अधिक सुरक्षित आहे, असे मला वाटते.

उत्तर – जोडणी_नाशिक

सरांची काळजी रास्त आहे आणि प्रयोगशाळेसाठी त्यांचे धोरण योग्यच आहे, कारण तिथे एकाच वेळी पुष्कळ मशीन सांभाळायची असतात. परंतु जोडीचा आग्रह सर्वांत जास्त महत्त्वाचा ठरतो तो एक्सएमपीवर, म्हणजे मर्यादेच्या वर मेमरी चालवताना. तिथे प्रत्येक पट्टी आपल्या क्षमतेच्या टोकावर चाललेली असते आणि टायमिंगमधला बारीक फरकही अंगाशी येतो. इथे उलट परिस्थिती आहे. ३२०० ची पट्टी २४०० वर, १.२ व्होल्टवर, म्हणजे तिच्या ताकदीपेक्षा बऱ्याच खाली चालणार आहे आणि जुनी पट्टी आपल्या नेहमीच्या वेगावर राहणार आहे. जेडेकच्या मूळ वेगांवर भिन्न कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र नांदणे ही अपवादाची गोष्ट नव्हे.

तरीही सरांनी सांगितलेल्या धोक्यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे: पट्टी बसवल्यावर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घालून त्यावरून मशीन सुरू करायचे आणि चाचणी रात्रभर चालू द्यायची. एकही चूक दिसली तर ती पट्टी दुकानदाराला परत करायची. म्हणून खरेदी करतानाच ‘न जुळल्यास बदलून देऊ’ हे बिलावर लिहून घ्या. विषम जोडी करायची नसेल तर सरांचा पर्याय आहेच, परंतु मग ८-८ पेक्षा पृष्ठरचना यांनी सुचवलेल्या दिशेने १६ जीबीची एकच पट्टी आज आणि दुसरी तशीच पट्टी पुढे, असा विचार करावा.

मुद्रक_सांगली

सर्वांचे मनापासून आभार. रजिस्टर्ड पट्टीचा नाद सोडला. आज दुकानात जाऊन साधी ३२०० मागितली तेव्हा त्यांनी दोन पट्ट्या पुढे ठेवल्या: एक ८ जीबीची ‘१आरएक्स१६’ आणि एक १६ जीबीची ‘१आरएक्स८’. दोन्ही ‘यू’च्या आहेत आणि दोन्ही १.२ व्होल्टच्या. ८ जीबीच्या पट्टीवर काळ्या चिप फक्त चार आहेत. माझ्या जुन्या पट्टीवर आठ आहेत. चार चिप असल्याने ती दुय्यम दर्जाची आहे का? पैसे अजून दिलेले नाहीत.

उत्तर – जोडणी_नाशिक

आपण पैसे देण्यापूर्वी विचारलेत हे उत्तम केलेत. ‘१आरएक्स१६’ पट्टी बनावट किंवा सदोष नसते. तिच्यात १६ गिगाबिटच्या चार चिप वापरलेल्या असतात आणि प्रत्येक चिप एका वेळी १६ बिट देते. आपल्या जुन्या पट्टीत ८ गिगाबिटच्या आठ चिप आहेत आणि प्रत्येक चिप ८ बिट देते. दोन्हींची बेरीज ६४ बिट आणि ८ जीबी. परंतु आतल्या रचनेत फरक आहे: डीडीआर४ मध्ये ८ बिटांच्या चिपला चार बँक गट (माहिती साठवणाऱ्या कप्प्यांचे समूह) असतात, १६ बिटांच्या चिपला दोनच. एकामागून एक विनंत्या वेगवेगळ्या गटांत वाटता आल्या की मेमरीला कमी थांबावे लागते. गट निम्मे झाले की थांबण्याच्या वेळा वाढतात. म्हणजे लेबलवरचा वेग तोच, सीएलही तोच, आणि तरी जड कामात ती थोडी मागे पडते. आपला प्रश्न ‘वेग जुळवायचा कसा’ हा असल्याने हे सांगणे आवश्यक वाटते, कारण ही गोष्ट वेगाच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

१६ जीबीची ‘१आरएक्स८’ हीच घ्या. फक्त एक दक्षता घ्यावी लागेल. तिच्यातही १६ गिगाबिटच्या चिप आहेत आणि आपला बोर्ड २०१८ चा आहे. त्या काळच्या बोर्डांच्या पहिल्या बायोसना या जास्त घनतेच्या चिपची ओळख असेलच असे नाही. बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलसाठी असलेली सर्वांत नवी बायोस आवृत्ती पाहा आणि आपली जुनी असेल तर नवी पट्टी बसवण्यापूर्वी, जुन्या पट्टीवर मशीन नीट चालत असतानाच, ती अद्ययावत करून घ्या. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये. यूपीएसशिवाय हे काम करू नका. त्याच संकेतस्थळावर तपासलेल्या रॅमची यादीही असते. आपली पट्टी त्या यादीत नसली तर ती चालणार नाही असा अर्थ होत नाही, कारण यादी बोर्ड बाजारात आला त्या सुमारास केलेली असते. परंतु १६ जीबीच्या पट्ट्या यादीत आहेत का, एवढे पाहून घ्यावे.

उत्तर – पृष्ठरचना_पुणे

बसवताना मशीन बंद करून पॉवर केबल काढा आणि सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच पट्टी हातात घ्या, कडांना धरा, सोनेरी पिनांना बोट लावू नका. खाच जुळवून दोन्ही टोकांना सारखा दाब दिल्यावर ‘कट’ असा आवाज येऊन खिटी बसते. पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही वेळ काळीच राहू शकते. बायोस नव्या जोडीचे टायमिंग बसवत असतो. घाईने बटण दाबून बंद करू नका.

मुद्रक_सांगली

बायोस अद्ययावत करून १६ जीबीची पट्टी बसवली. पहिल्या वेळी स्क्रीन यायला खरोखरच वेळ लागला, आपण सांगितले नसते तर मी नक्कीच घाबरून बटण दाबले असते. टास्क मॅनेजरमध्ये आता २४ जीबी, वेग २४०० आणि ‘२ पैकी २ स्लॉट वापरात’ असे दिसते. सीपीयू-झेडमध्ये चॅनेलच्या रकान्यात ‘ड्युअल’ आणि सीएल १७ आहे. मेमटेस्ट८६ रात्री लावून ठेवले होते, सकाळी एकही चूक नव्हती. काल एका पतसंस्थेच्या वर्धापनदिनाचा २० बाय १० चा फ्लेक्स केला. शेजारी कोरलड्रॉमध्ये पत्रिका उघडी होती आणि मेमरीचा वापर १४ जीबीच्या आसपास थांबला.

प्रश्न – वाचक_ठाणे

याच विषयावर एक छोटा प्रश्न. माझ्याकडे एएमडी रायझन ५ ३६०० आणि बी४५० बोर्ड आहे. ८-८ जीबीच्या दोन ३२०० सीएल१६ पट्ट्या आहेत, परंतु टास्क मॅनेजर २१३३ दाखवतो. यालाही हेच कारण लागू होते का?

उत्तर – जोडणी_नाशिक

कारण तेच, परंतु आपल्याकडे उपाय उपलब्ध आहे. आपल्या पट्ट्यांचा मूळ जेडेक वेग २१३३ असावा आणि बायोसमध्ये एक्सएमपी बंद असावे. रायझन ५ ३६०० ची अधिकृत मर्यादा ३२०० आहे आणि बी४५० वर प्रोफाइल चालू करता येते. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी असे नाव असते. रायझनमध्ये प्रोसेसरचे अंतर्गत भाग जोडणाऱ्या दुव्याचे घड्याळ मेमरीच्या घड्याळासोबत चालते, त्यामुळे २१३३ वर राहिल्यास तोटा मेमरीपुरताच राहत नाही. प्रोफाइल चालू करा आणि टास्क मॅनेजरमध्ये ३२०० दिसतात का ते पाहा. बोर्डवर चार स्लॉट असतील तर दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत याची खात्री करून घ्या. आपल्या पट्ट्या या वेगावर टोकाच्या क्षमतेने चालणार असल्याने संगणक_शिक्षक यांचा जोडीचा सल्ला आपल्याला पूर्णपणे लागू होतो: पुढे रॅम वाढवायची झाली तर तिसरी-चौथी पट्टी जोडण्यापेक्षा मोठी नवी जोडीच घ्यावी.